चरा एकाच्या गाडीला, मेमो दुसऱ्याला

पत्र आधी देते. थोडं कापलंय आणि ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

"ताई, नमस्कार. मला अरे-तुरे केलंत तरी चालेल, वयाने लहान आहे तुमच्यापेक्षा. पाच आठवड्यांपूर्वी ऑफिसच्या बेसमेंट पार्किंगमधून गाडी मागे घेताना शेजारच्या नव्याकोऱ्या गाडीला घासली. मागच्या दारापासून बंपरपर्यंत चरा आणि एक पोचा. बाहेर क्लायंटकडे मीटिंग होती, आधीच उशीर झालेला, म्हटलं संध्याकाळी परत आलो की चिठ्ठी लावू. संध्याकाळी ती गाडी नव्हती. दुसऱ्या दिवशी कळलं की गाडी आमच्याच बिल्डिंगमधल्या दुसऱ्या कंपनीतल्या एका मॅडमची आहे आणि त्यांनी तक्रार केलीये. त्या कोपऱ्यातला कॅमेरा बंद होता. मग सगळं आलं त्या दिवशी बेसमेंटला ड्यूटी असलेल्या गार्डकाकांवर. जागेवर नव्हता म्हणून गाडी कोणी ठोकली ते कळलं नाही, असं म्हणून त्यांच्या एजन्सीने चार दिवसांचा पगार कापला, मेमो दिला आणि मागच्या गेटला कायमची रात्रपाळी लावली. काका म्हणत होते मी जागेवरच होतो, खांबामागे दिसत नाही तिथून. कोणी ऐकलं नाही. मी तेव्हा तिथेच लिफ्टपाशी उभा होतो ताई, आणि बोललो नाही. दोन ड्रायव्हर पण होते पार्किंगमध्ये ठोकली तेव्हा, त्यांनी नक्की बघितलंय, ते पण काही बोलले नाहीत. नंतर मी काकांना माझा जुना मोबाईल दिला, त्यांच्या मुलीच्या फीला थोडे पैसे दिले. त्यांनी हात जोडले, म्हणाले साहेब तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून चाललंय. त्या दिवसापासून झोप उडालीये. बायको म्हणते झाकली मूठ सव्वा लाखाची, आता सांगून तूच बदनाम होशील. मित्र म्हणतो गाडीच्या वायपरखाली निनावी पाकीट ठेव पैशाचं आणि मोकळा हो. मी वाईट माणूस आहे का? – उशीर झालेला"

अरे उशीर झालेल्या,

तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण सगळ्या पत्रात मला तोच प्रश्न बिनकामाचा वाटला. राग मानू नकोस. तू वाईट आहेस की चांगला याचं उत्तर मी दिलं तरी काकांचा मेमो काही फाटत नाही. वाईट नाहीस म्हटलं तर तुला आज झोप लागेल आणि विषय संपेल, आणि वाईट आहेस म्हटलं तर तू अजून चार आठवडे स्वतःला कोसत बसशील, आणि दोन्हीकडे काका मागच्या गेटलाच. तुझ्या पत्रात (पूर्ण पत्र बरंच लांब होतं, इथे छापलंय ते निम्मंही नाही) तुझी झोप, तुझी भूक, तुझं कामात लक्ष नसणं, तुझी चिडचिड हे सगळं आलंय. तुला रात्री झोप लागत नाही, पटलं. पण त्याच वेळेला तो माणूस पण जागाच असतो ना, आणि तो ड्यूटी म्हणून जागा असतो.

आता जरा गोष्टी वेगळ्या करू, कारण तू सगळं एकात कालवलंयस आणि म्हणून तुला ते एवढं मोठं, हाताबाहेरचं वाटतंय.

गाडी घासली हा अपघात. कोणाच्याही हातून होतं, खांब असतो, आरशात दिसत नाही, होतं. बर्नार्ड विल्यम्स नावाचे एक ब्रिटिश तत्त्वज्ञ होते, त्यांनी १९७६ मध्ये एका निबंधात एक उदाहरण दिलं होतं, एक लॉरी ड्रायव्हर आहे, त्याची काही म्हणजे काही चूक नाही आणि तरी त्याच्या गाडीखाली एक मूल येतं. लोक त्याला समजावतात की बाबा तुझा दोष नाही, आणि ते बरोबरच असतं. पण तो ड्रायव्हर जर पटकन 'हो ना, माझी काय चूक' म्हणून पुढे गेला तर आपल्यालाच त्याच्याबद्दल शंका येईल, असं विल्यम्स म्हणतात. म्हणजे दोष नसला तरी 'हे माझ्या हातून झालं' असं एक ओझं असतं आणि ते बाजूला उभं राहून बघणाऱ्याच्या वाईट वाटण्यापेक्षा वेगळं असतं. तुझं प्रकरण त्यामानाने किरकोळ आहे, पत्र्यावर चरा आहे, माणसाला काही झालेलं नाही. पण ते ओझं तुला जाणवलं, याचा अर्थ आत काहीतरी धड चालू आहे, इतकंच. याच्यावर जास्त खूश होऊ नकोस.

दुसरी गोष्ट, तू तिथून निघालास. यात मी तुला थोडी सूट देते आणि का देते तेही सांगते. १९७३ साली जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या दोघांनी प्रिन्स्टनमधल्या ४० विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थी साधेसुधे नाही, धर्माचं शिक्षण घेणारे, पुढे पाद्री वगैरे व्हायला निघालेले. त्यांना सांगितलं शेजारच्या इमारतीत जाऊन छोटं भाषण द्यायचंय. वाटेत एका दारात एक माणूस मान खाली घालून कण्हत, खोकत पडलेला, तो अर्थात प्रयोगवाल्यांनीच ठेवलेला. काहींना सांगितलं निवांत जा, काहींना सांगितलं पळा, तुम्हाला उशीर झालाय. निवांत असलेल्यांपैकी ६३ टक्के मुलं त्या माणसापाशी थांबली आणि घाईत असलेल्यांपैकी फक्त १० टक्के. आता यातला भारी भाग असा की त्यातल्या काही जणांना भाषणाचा विषय दिलेला होता वाटेत जखमी पडलेल्या परक्या माणसाला मदत करणाऱ्याची बायबलमधली गोष्ट, आणि ती गोष्ट डोक्यात घोळवत जाणारे पण घाईत असले की त्या कण्हणाऱ्याला ओलांडून गेले. म्हणजे 'उशीर होतोय' हे दोन शब्द माणसाला बरंच काही करायला लावतात, किंवा करू देत नाहीत. मी पण केलंय, वाचणाऱ्यांनी पण केलं असेल. तू संध्याकाळी चिठ्ठी लावणार होतास यावर माझा विश्वास आहे.

पण ती घाई एका सकाळची होती रे. त्यानंतर पाच आठवडे गेले.

आणि आता तिसरी गोष्ट, जी खरी आहे. काका सांगत होते मी जागेवर होतो आणि तू लिफ्टपाशी उभा होतास. तोपर्यंत तू एक चरा पाडून पळालेला माणूस होतास, असे जगात ढिगाने आहेत. त्या क्षणी मामला बदलला. तोपर्यंत तुझ्या गप्प बसण्याची किंमत एका मॅडमच्या इन्शुरन्सच्या क्लेमवर जात होती, तिथून पुढे ती एका माणसाच्या पगारातून जायला लागली आणि त्याहून वाईट म्हणजे त्याच्या शब्दावर. तो खरं बोलत होता आणि खोटा ठरला. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच, फक्त म्हणीतल्या चोराला लिफ्टपाशी उभं राहून बघावं लागत नाही. मला विचारशील तर चार दिवसांच्या पगारापेक्षा हे मोठं आहे. पगार भरून निघतो. पण वीस-पंचवीस वर्षं नोकऱ्या केलेल्या माणसाला चारचौघात 'तू जागेवर नव्हतास' असं ऐकवलं जातं, त्याला माहीत असतं की आपण होतो, आणि त्याच्या बाजूने बोलू शकणारा एकच माणूस जगात असतो, आणि तो लिफ्टमध्ये शिरतो. काकांना हे माहीत नाही म्हणून ते तुला हात जोडतायत.

त्या हात जोडण्यावर मला थोडं थांबायचंय.

तू मोबाईल दिलास, फीला पैसे दिलेस. वरून बघितलं तर चांगलं काम, आणि मी म्हणत नाही की तू ढोंगीपणाने केलंस, तुला खरंच वाईट वाटत होतं म्हणून केलंस. पण नीट बघ काय झालं. तू त्यांचं देणं लागत होतास. देणं फेडताना समोरचा आभार मानत नाही, तो मोजून घेतो आणि म्हणतो झालं का एकदाचं. तू ते देणं मदत म्हणून दिलंस, त्यामुळे उलटं झालं, आता तेच तुझ्या उपकाराखाली आले. ज्याचं तू लागतोस त्यालाच तू मिंधं करून ठेवलंस. तुला तेव्हा कसंतरी झालं ना, ते बरोबर झालं, तुझ्या पोटाला डोक्याआधी कळलं. आणि अजून एक, सॉरी पण बोलते, त्या मोबाईलने तुला काही दिवस बरं पण वाटलं असणार. असंच होतं. आपण एका खिशातून चोरतो आणि दुसऱ्या खिशात थोडं टाकतो आणि हिशोब जुळला असं स्वतःला सांगतो, आणि ज्याचा खिसा आहे त्याला यातलं काहीच माहीत नसतं. त्यामुळे यापुढे काकांना गुपचूप काहीही द्यायचं नाही, अगदी दिवाळं काढून द्यावंसं वाटलं तरी नाही, जोपर्यंत त्यांना कळत नाही की हे कशाचं आहे.

हे मी उंचावर बसून सांगत नाहीये. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका ठिकाणी नोकरीला होते, तिथे एका रिपोर्टमध्ये मी एक आकडा चुकीचा टाकला, एक शून्य जास्त, आणि तो रिपोर्ट वरपर्यंत गेला. फाइलवर शेवटचा हात माझ्या ज्युनिअर मुलीचा होता म्हणून तिला केबिनमध्ये बोलावून झापलं, काचेची केबिन, सगळ्यांना दिसत होतं. मी माझ्या स्क्रीनकडे बघत बसले. मी आठ दिवस तिच्याशी फार गोड वागले, तिची अर्धी कामं मी केली, तिला लवकर घरी जा म्हणायचे. आठव्या दिवशी ती मला म्हणाली, तुम्ही किती चांगल्या आहात हो. मी तिथून उठले आणि साहेबांकडे गेले. आता तुला वाटेल मग सगळं छान झालं, तर तसं काही नाही. साहेब म्हणाले ठीक आहे, आता ते जुनं झालं. आणि ती मुलगी म्हणाली 'मग तेव्हा का नाही बोललात', बस्स, आणि त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली, ती नोकरी सोडेपर्यंत. तिने मला माफ करावं अशी मी मनातून वाट बघत होते आणि तिने केलं नाही आणि तिचं बरोबर होतं. पण तिच्या अप्रेझलमध्ये तो आकडा आला नाही. तेवढंच हातात होतं, आणि पहिल्या दिवशी गेले असते तर ती झापणी पण निम्म्यात थांबली असती.

आता ते दोन ड्रायव्हर. तू त्यांना पत्रात आणलंयस आणि मला कळलं का आणलंयस. 'ते पण काही बोलले नाहीत.' यावर पण डार्लींचंच काम आहे, बिब लॅटने यांच्यासोबत केलेलं, १९६८ चं. लोकांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून माइकवरून गप्पा मारायला लावल्या आणि मध्येच एकाला झटका आल्याचा आवाज ऐकवला. फक्त आपल्यालाच ऐकू येतंय असं ज्यांना वाटत होतं त्यांच्यातले ८५ टक्के लोक तो आवाज थांबायच्या आत मदतीला उठले, आणि आपल्यासोबत अजून चार जण ऐकतायत असं ज्यांना वाटत होतं त्यांच्यातले ३१ टक्के. जबाबदारी वाटली गेली की प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटभर येते. (जाता जाता, हा विषय निघाला की हमखास कोणीतरी न्यूयॉर्कच्या किटी जेनोव्हीजची गोष्ट सांगतं, १९६४ चा खून, ३८ लोक खिडकीतून बघत राहिले वगैरे. तो ३८ चा आकडा आणि ते नुसतं बघत राहणं बरंच फुगवलेलं होतं, ज्या पेपरने ती बातमी मोठी केली त्यांनीच २०१६ मध्ये तसं लिहिलंय. तेव्हा ती गोष्ट ऐकवून माणसं कशी दगड झालीत हे मला कृपया कोणी कळवू नका. प्रयोग मात्र खरे आहेत.) तर ड्रायव्हर का बोलले नाहीत हे यातून समजतं. त्यांनी कदाचित एकमेकांकडे बघितलं असेल, कदाचित त्यांना वाटलं असेल साहेब लोकांच्या भानगडीत आपण कुठे पडा, पुढचा मेमो आपल्याला. पण हे सगळं बघणाऱ्यांना लागू होतं. तू बघणारा नव्हतास, तू ठोकणारा होतास. बघ्यांची जबाबदारी वाटली जाते तशी करणाऱ्याची वाटली जात नाही, त्यामुळे त्या दोघांना पत्रातून बाहेर काढ, त्यांचं ते बघतील.

बायकोबद्दल. ती तुझी काळजी करतेय, तिला घर दिसतंय, नोकरी दिसतेय, त्यात काही वाईट नाही. पण झाकली मूठ सव्वा लाखाची असते ती आपली मूठ असते तेव्हा. ही मूठ तू काकांच्या पैशाने झाकलीयेस. तिला एकदा हेच असं सांगून बघ, बहुतेक तिला लिफ्टपाशीचा भाग तू सांगितलेलाच नाहीयेस, असा माझा अंदाज आहे, चुकत असेन तर सोड.

मित्राचं निनावी पाकीट. हा सल्ला ऐकायला बरा वाटतो कारण त्यात पैसे जातात, आणि पैसे गेले की आपल्याला वाटतं शिक्षा भोगली. पण पाकिटाने काय होईल ते बघ. मॅडमना पैसे मिळतील, ठीक, त्यांचं नुकसान भरून निघेल. काकांचं काय? पाकीट बोलत नाही. काका जागेवर होते हे पाकीट सांगत नाही. उलट कोणीतरी डोकेबाज म्हणेल की बघा, गार्डनेच घाबरून पैसे ठेवले असतील, म्हणजे त्याला माहीत होतं. हसू नकोस, ऑफिसात असं बोलणारे असतात. आणि मित्राचं ते दुसरं वाक्य, मी कापलं होतं ते, 'आजकाल कोण एवढं करतं'. करतात रे. २०१९ मध्ये सायन्स या नियतकालिकात एक अभ्यास आला होता, ४० देशांतल्या ३५५ शहरांत संशोधकांनी सतरा हजारांहून जास्त हरवलेली पाकिटं बँका, हॉटेलं, पोलीस चौक्या अशा ठिकाणी काउंटरवर देऊन टाकली, रस्त्यात सापडलं, तुम्ही बघा म्हणून, आणि मग मालकाशी कोण संपर्क करतं ते मोजलं. आपल्याला वाटतं पैसे असलेलं पाकीट गायब होणार. झालं उलटं, पैसे नसलेल्यांपैकी साधारण ४० टक्के आणि पैसे असलेल्यांपैकी ५१ टक्के पाकिटांसाठी लोकांनी संपर्क केला, आणि काही देशांत जास्त पैसे ठेवून बघितले तर ते प्रमाण अजून वाढलं. संशोधकांचं म्हणणं की एक तर लोकांना मालकाची थोडी तरी फिकीर असते आणि दुसरं म्हणजे स्वतःला चोर म्हणून बघणं लोकांना झेपत नाही. म्हणजे निम्मे लोक प्रामाणिक नव्हते हे पण त्यातच आहे, मी काही जग गोड आहे असं म्हणत नाहीये. पण 'कोणीच करत नाही' हे खोटं आहे, आणि ते आपण नेमकं कधी म्हणतो ते बघ, आपल्याला करायचं नसतं तेव्हा.

बरं, एजन्सीबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही. पुरावा नाही, फुटेज नाही, माणूस सांगतोय मी होतो, आणि थेट पगार कापला? कॅमेरा बंद होता तो काय काकांनी बंद केला होता? कॅमेरा ज्याने दुरुस्त करायचा त्याला मेमो गेला का? नाही गेला, कारण तो मेमो देणाऱ्यांच्या बाजूला बसतो. हे सगळं चूक आहे आणि ते तुझ्यामुळे नाही, ते तुझ्या डोक्यावर घेऊ नकोस. फक्त असं आहे की त्यांची चूक उघडी पाडायला लागणारी एकमेव गोष्ट तुझ्या खिशात आहे.

आता करायचं काय. इथे क्रम महत्त्वाचा आहे, आणि तुला वाटतोय तसा नाही. तुझी पहिली उडी काकांकडे जायची असणार, त्यांचे पाय धरावेत, रडावं, काका मला माफ करा म्हणावं. ते सगळ्यात शेवटी. का? कारण ते गार्ड आहेत आणि तू साहेब आहेस. ते तुला काय म्हणणार आहेत? 'जाऊ द्या साहेब, होतं.' त्यांना दुसरं काही म्हणायची सोयच नाहीये. तू त्यांच्याकडून माफी घेऊन हलका होशील आणि ते मेमोसकट तिथेच राहतील, वर तुझं गुपित सांभाळायचं काम त्यांनाच. त्यामुळे आधी त्यांचं नाव साफ करायचं, कागदावर, मग त्यांच्यासमोर जायचं. म्हणजे तेव्हा त्यांना राग आला तर तो दाखवायची मोकळीक असेल, कारण तुझ्या हातात त्यांचं काही अडकलेलं नसेल.

तर आधी मॅडम. समोरासमोर, मेसेजवर नाही. मी ठोकली, तेव्हा थांबलो नाही, नंतर सांगितलं नाही, जो खर्च झाला असेल तो मी देतो. त्यांनी इन्शुरन्समधून करून घेतलं असेल तर त्यांना विचार कसं करायचं, त्यांच्या खिशातून गेलेला भाग असतो, क्लेम घेतल्यामुळे पुढे काही सवलत जाते, ते त्या सांगतील, आणि क्लेम करताना त्यांनी ठोकणारा अज्ञात असं लिहिलं असेल तर कंपनीला आता कळवावं लागू शकतं, ते त्यांना ठरवू दे. चिडतील. चिडू दे, मध्ये बोलू नकोस, आणि 'मला किती त्रास झाला माहितीये का' हे वाक्य त्यांना ऐकवायचं नाही, झोपेचं पण नाही.

लगेच त्याच दिवशी बिल्डिंगच्या अॅडमिनला मेल, एजन्सीच्या सुपरवायझरला कॉपी, तुझ्या एचआरला पण कॉपी. हे तोंडी करू नकोस, तोंडी सांगितलेलं 'बरं बरं, बघतो' मध्ये विरून जातं. त्याच दिवशी का म्हणते, तर रात्री घरी गेलास की पुन्हा विचार सुरू होतील आणि तुला पटेल की मॅडमना सांगितलं, पैसे दिले, झालं की. नाही झालं, अर्धं पण नाही झालं. मॅडम कदाचित भल्या असतील, म्हणतील जाऊ द्या, मी काही कोणाला सांगत नाही. तिथे फसू नकोस, ते तुझ्या फायद्याचं आहे, काकांच्या नाही.

आणि मग मागे लागायचं. मेमो लेखी मागे घेतला का, पगार परत जमा झाला का, ड्यूटी परत दिवसाची झाली का. आठवड्याने विचार, परत आठवड्याने विचार. चिकटपणा कर. एजन्सी म्हणाली पगाराचं आता काही होत नाही, तर ते चार दिवस तू भर, पण काकांना सांगून भर की हे तुमचेच आहेत, माझ्यामुळे गेले होते. आधी दिलेला मोबाईल आणि पैसे यात वळते करायचे नाहीत हं. ते दिलं ते दिलं.

तुझं काय होईल? खोटं कशाला सांगू, थोडं काहीतरी होईल. बऱ्याच देशांत उभ्या गाडीला ठोकून न सांगता निघून जाणं हा गुन्हा धरतात, बहुतेक वेळा दंडावर निभावतं, पण तुझ्याकडे काय नियम आहे ते एखाद्या वकिलाला आधी विचारून घे, त्यात लाज नाही. फक्त विचारण्यात पंधरा दिवस घालवू नकोस, एक फोन. ऑफिसात कुजबुज होईल, लिफ्टमध्ये लोक गप्प होतील काही दिवस. एचआर बोलावेल. एखादा म्हणेल केवढा मोठा माणूस, स्वतःहून सांगितलं, आणि ते ऐकायला फार छान वाटेल, तिथे सांभाळ, कारण पाच आठवड्यांनी सांगितलंयस, आणि काकांनी ते आठवडे काढलेत. उशिरा केलेल्या गोष्टीला टाळ्या घ्यायच्या नसतात. आणि असंही होऊ शकतं की तू सगळं नीट करशील आणि तरी एजन्सी त्यांना रात्रपाळीलाच ठेवेल, किंवा काका तुझ्याकडे बघणं बंद करतील. माझ्या त्या ज्युनिअरसारखं. तयारी ठेव.

मेल कसा लिहायचा हे तू विचारलं नाहीस पण मला माहितीये तू काय लिहिशील, तू तीन पॅरेग्राफ स्वतःच्या मनःस्थितीवर लिहिशील. नको. एवढंच: 'अमुक तारखेला सकाळी बेसमेंटमध्ये अमुक नंबरच्या गाडीला माझ्या गाडीची धडक बसली. मी थांबलो नाही आणि नंतर कळवलं नाही. त्या वेळी ड्यूटीवरचे गार्ड त्यांच्या जागेवर होते, मी गेटमधून बाहेर पडताना त्यांना बघितलं आहे आणि त्यांनीच बॅरियर उचलला. त्यांच्या जागेवरून तो कोपरा खांबामुळे दिसत नाही. त्यांच्यावर केलेली कारवाई चुकीच्या माहितीवर झाली आहे, ती मागे घ्यावी आणि कापलेला पगार परत करावा. गाडीच्या नुकसानीचा खर्च मी देत आहे.' बॅरियर त्यांनी उचलला की नाही ते आठवून बघ, आठवत असेल तरच लिही. खाली तुझं नाव, पद, फोन नंबर. आणि 'चुकून' हा शब्द कुठे घालावासा वाटला तर तो फक्त धडकेच्या वाक्यात घाल, पुढच्या वाक्यात नाही.